करणे आणि करविणे

प्रयोजक क्रियापद शिकविताना आमचे मराठीचे मास्तर फळ्यावर एकच वाक्य लिहीत : 'राजाने देऊळ बांधविले.' मग खडू खाली ठेवून विचारीत, "देऊळ कोणी बांधले?" सगळा वर्ग एका सुरात सांगे, "गवंड्यांनी!" "मग वाक्याचा कर्ता कोण?" या प्रश्नाला मात्र सूर फुटत. कोणी गवंडी म्हणे, कोणी राजा. मास्तर शांतपणे सांगत, "कर्ता राजा. दगड गवंड्यांनी रचले, घाम त्यांनी गाळला. पण क्रियापदात 'वि' शिरला की कर्तेपण राजाकडे जाते." एकदा मागच्या बाकावरून कोणीतरी विचारले, "आणि देऊळ पडलं तर, मास्तर?" वर्ग हसला, मास्तरही हसले, आणि तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली.

त्या प्रश्नाचे उत्तर मला सुमारे पन्नास वर्षांनी, २०१६ साली, रत्नागिरीतल्या माझ्या घराच्या ओटीवर द्यावे लागले. देऊळ पडले नव्हते. एका वृद्ध बाईंच्या ठेवीवरचे व्याज ४४३ रुपये ८४ पैशांनी कमी भरले होते. रक्कम क्षुल्लक आहे असे प्रथम मीही मनात म्हटले. पण त्या रकमेने मला जो प्रश्न घातला तो क्षुल्लक नाही आणि माझ्या एकट्याचाही नाही. म्हणून हे लिहीत आहे.

मी आयुष्यभर गणित शिकविले. निवृत्तीनंतर वेळ मोकळा होता आणि संगणकाची हौस जुनी होती. गावातल्या एका पतपेढीने जुना संगणक काढून नवा घेतला, तेव्हा तिथल्या ओळखीच्या माणसांनी विचारले, "सर, आमच्या व्याजाचं तेवढं बसवून द्याल का?" व्याजाचे जुने काम माझ्याच एका सहकाऱ्याने करून ठेवलेले होते. तो भौतिकशास्त्र शिकवी. माझा जवळचा मित्र. सी नावाच्या भाषेत त्याने ते गणित लिहिले होते. पुढे तो अकस्मात गेला. मागे उरले ते त्याच्या लिखाणाचे यंत्रभाषेतले तयार रूप : चालणारे, पण वाचता न येणारे. मूळ मजकूर कुठे होता ते कोणालाच ठाऊक नव्हते. गणित मात्र चोख होते. इतक्या वर्षांत त्याच्याविषयी कोणाची तक्रार आली नव्हती. मी ठरविले की, त्याला हात लावायचा नाही. बाकीचे सारे आपण पायथन या नव्या, सोप्या भाषेत लिहायचे, आणि व्याज काढायची वेळ आली की त्याच्या गणिताला तिथून हाक मारायची. इंग्रजीत यालाही 'कॉल' असेच म्हणतात. आपला 'हाक' हा शब्द मला अधिक जवळचा वाटतो.

या दोन भाषांत फरक काय, हे सांगितल्याखेरीज पुढची गोष्ट कळणार नाही. त्यासाठी फार लांब जायला नको. आमच्या रत्नागिरीत थिबा राजाचा वाडा आहे. ब्रह्मदेशाच्या या पदच्युत राजाला इंग्रजांनी १८८६ मध्ये इथे आणून ठेवले. टेकडीवरचा तो वाडा १९१० मध्ये पुरा झाला, आणि १९१६ मध्ये राजा इथेच वारला. राजाची भाषा बर्मी, सरकारची इंग्रजी आणि भोवतालच्या गावाची मराठी. अशा ठिकाणी माणसांचे बोलणे दोन रीतींनी चालू शकते. एक तर दुभाष्या शेजारी उभा राहतो. एक वाक्य झाले की तो ते दुसऱ्या भाषेत सांगतो. काही वावगे वाटले तर तिथल्या तिथे थांबवून विचारतो. दुसरी रीत म्हणजे सगळा अर्ज आधीच भाषांतरित करून, लखोट्यात घालून पाठवून द्यायचा. मग दुभाष्याची गरज उरत नाही. काम झपाट्याने होते. पण 'आपल्याला असेच म्हणायचे आहे ना?' असे मध्येच थांबवून विचारणाराही कोणी उरत नाही.

पायथन ही पहिल्या रीतीची भाषा. तिच्यात लिहिलेले चालत असताना दुभाष्या सतत हजर असतो. पाच डझनी पेटीतला एकसष्टावा आंबा तिच्यात मागितला तर ती साफ सांगते की, असा आंबा नाही. सी ही दुसऱ्या रीतीची. तिच्यातले लिखाण आधीच यंत्राच्या स्वतःच्या भाषेत उतरवून ठेवलेले असते. तिथे एकसष्टावा आंबा मागितला तर शेजारच्या जागेत जे काही असेल ते, मग तो आंबा असो की खिळा असो, निमूटपणे हाती येऊ शकते. सी भाषेचे हे वैगुण्य नव्हे; तो तिच्या वेगाचा मोबदला आहे. विचारणारा नाही म्हणूनच ती धावते.

आणि या धावण्यावरच आपल्या सगळ्या सोप्या भाषा उभ्या आहेत. १९४९ मध्ये केंब्रिजला एडसॅक हे यंत्र चालू झाले. नेहमी लागणारी गणिते प्रत्येकाने नव्याने लिहीत बसण्यापेक्षा ती एकदा नीट लिहावीत, कागदी पट्ट्यांवर छिद्रे पाडून कपाटात ठेवावीत, आणि लागेल त्याने न्यावीत, अशी व्यवस्था तिथे झाली. विल्क्स, व्हीलर आणि गिल या तिघांनी १९५१ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले. १९५७ मध्ये आय.बी.एम.मध्ये जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फोर्ट्रान ही भाषा आणली. त्या भाषेत लिहिलेला लॅपॅक नावाचा गणितसंग्रह १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. आज आमच्या इथला अभियांत्रिकीचा एखादा विद्यार्थी पायथनमध्ये एक ओळ लिहून शंभर समीकरणे सोडवितो, तेव्हा ती ओळ वस्तुतः त्या संग्रहाला हाक मारीत असते. मुंबईच्या आय.आय.टी.तील फॉसी प्रकल्पाने सायलॅब या गणिती भाषेला सी आणि सी++ मध्ये लिहिलेले संग्रह जोडून दिले. कमीत कमी खर्चात अधिकात अधिक काम कसे साधावे, असल्या जातीची गणिते त्यामुळे तिच्यातून घरबसल्या सोडविता येतात. या विद्यार्थ्यांनी त्या संग्रहांच्या आत डोकावून पाहिलेले नसते, आणि पाहावे असे मी म्हणणारही नाही. न पाहता वापरता येणे हीच तर संस्कृती. एस. टी.त बसताना आपण इंजिन उघडून पाहात नाही. वैद्याची मात्रा खलात घातली तेव्हा आपण तिथे उभे नसतो.

तेव्हा दुसऱ्याकडून करविणे यात दोष नाही. प्रश्न असा आहे की, करविताना आपल्याकडे काय उरते?

माझे काम सोपे होते. जुन्या यादीतली खाती नव्या यादीत आणायची आणि ती बरोबर आली आहेत ना, याची खातरजमा करायची. तारखा वाचण्यासाठी मी एक तयार फंक्शन घेतले. खातरजमेसाठी मी अशी युक्ती केली : प्रत्येक खात्याचे व्याज मित्राच्या गणिताकडून दोनदा काढून घ्यायचे, एकदा जुन्या यादीवरून आणि एकदा नव्या यादीवरून, मग दोन्ही निकाल शेजारी ठेवून वजाबाकी करायची. यादी बरोबर उतरली असेल तर बाकी शून्य आली पाहिजे. रात्री दहाच्या सुमारास मी ते चालविले. पडद्यावर शून्यांची रांगच्या रांग उतरू लागली. हजाराच्या वर खाती. एकाही ठिकाणी पैचा फरक नाही. गणिताच्या माणसाला शून्यासारखे दुसरे सुख नाही. दुसऱ्या दिवशी पतपेढीच्या कागदावर मी 'तपासले' असे लिहिले आणि खाली सही केली.

दोन महिन्यांनी आमच्या आळीतल्या एक काकू आल्या. यजमान एस. टी.त होते; ते गेल्यावर हाती आलेल्या पैशांतले साठ हजार त्यांनी नऊ टक्क्यांनी पतपेढीत ठेवले होते. मार्चअखेरच्या व्याजाची चिठ्ठी त्यांच्या हातात होती.

"मास्तर, पेढीतला मुलगा म्हणतो, सरांनी तपासून दिलंय. म्हणून तुमच्याकडेच आले. एका महिन्याचं व्याज कमी दिसतंय. साडेचारशे रुपये."

मी त्यांची चिठ्ठी हातातही घेतली नाही. हे मला आज लिहिताना जड जाते, पण तसे घडले खरे. मी म्हणालो, "काकू, सगळी खाती मी स्वतः ताडून पाहिली आहेत. यंत्रानं काढलंय ते. पैचाही फरक नाही."

"असेल हो," त्या म्हणाल्या. "यंत्राचं मला कळत नाही. पण मी पैसे ठेवले ते शिमग्याच्या आधी. पालखी घरी यायची होती, घर सारवायचं होतं, म्हणून सकाळीच घाईनं जाऊन आले होते. आणि ह्यात तर एप्रिल लिहिलाय."

त्यांनी पिशवीतून पावती काढून माझ्यापुढे ठेवली. तिच्यावर शाईने लिहिले होते : ४-३-२०१५. चिठ्ठीवर यंत्राने छापले होते : ३ एप्रिल २०१५. मी भिंतीवरच्या खिळ्याला अडकविलेल्या जुन्या कॅलेंडरांतून त्या वर्षाचे काढले. ३ एप्रिल २०१५ हा गुड फ्रायडे. पेढी त्या दिवशी बंद. कोणीही, कधीही, त्या तारखेला तिथे एक रुपया ठेवला असणे शक्य नव्हते.

तारखा वाचणारे ते तयार फंक्शन अमेरिकन वळणाचे होते. तिकडे महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात. मी सांगितले नाही, म्हणून त्याने आपल्या देशाचा रिवाज धरला. दिवस बारापेक्षा मोठा असला की तो महिना असू शकत नाही, हे त्याला कळे, आणि तिथे ते आपण होऊन बरोबर वाची. त्यामुळे चूक लपली. वर्षातले १३२ दिवस असे आहेत की त्यांची अशी अदलाबदल होऊ शकते. ४ मार्च हा त्यांतला एक. ४ मार्च ते ३ एप्रिल हे तीस दिवस, आणि साठ हजारांवर नऊ टक्क्यांनी तीस दिवसांचे व्याज ४४३ रुपये ८४ पैसे. बोटांवर महिन्याच्या हिशेबाने मोजणाऱ्या काकूंचे साडेचारशे आणि दिवसाच्या हिशेबाने मोजणारे माझे गणित यांत फक्त सहा रुपये सोळा पैशांचे अंतर होते. चूक यंत्राच्या पोटात होती आणि ती एका बाईच्या बोटांना सापडली.

पण मला छळणारा प्रश्न वेगळाच होता. तारखा चुकल्या, ते समजले. मग माझी वजाबाकी शून्य का आली? जुन्या यादीत ४ मार्च, नव्या यादीत ३ एप्रिल. व्याज वेगळे यायला हवे, बाकी उरायला हवी. त्या रात्री मी झोपलो नाही. पहाटेच्या सुमारास उलगडा झाला, आणि तो इतका साधा होता की मला स्वतःची लाज वाटली.

शाळेतल्या फळ्याची कल्पना करा. तुम्ही मास्तरांना एक उदाहरण घातलेत. त्यांनी उत्तर फळ्यावर लिहिले. तुम्ही ते वहीत उतरवून घेण्याऐवजी वहीत एवढेच टिपलेत की, 'पहिले उत्तर : फळ्यावर आहे.' मग दुसरे उदाहरण घातलेत. मास्तरांनी फळा पुसून दुसरे उत्तर लिहिले. तुम्ही टिपलेत, 'दुसरे उत्तर : फळ्यावर आहे.' आता दोन्ही उत्तरे ताडून पाहण्यासाठी तुम्ही मान वर केलीत. दोन्ही सारखीच दिसणार. कारण तुम्ही एकाच फळ्याकडे दोनदा पाहात आहात. माझ्या मित्राचे गणित निकाल देत नसे. निकाल जिथे लिहिला त्या जागेचा पत्ता देई, आणि ती जागा एकच होती. यात त्याचे काही चुकले नाही. सी भाषेच्या स्वतःच्या संग्रहातली वेळ सांगणारी काही फंक्शनेही अशीच वागतात. मी दोन प्रश्न विचारले आणि एकच उत्तर दोनदा वाचले. ती शून्यांची रांग म्हणजे प्रत्येक खाते स्वतःशी जुळते, एवढीच ग्वाही होती.

पायथनच्या मुलुखात असतो तर दुभाष्याने बरेच काही सांभाळले असते. पण हाक मारून मी सीमा ओलांडली होती. सीमेपलीकडच्या माणसाला काय द्यायचे, तो काय परत देतो, आणि दिलेल्या वस्तूवर मालकी कोणाची व ती किती वेळ जागेवर राहील, हे सारे तिथे हाक मारणाऱ्यानेच आधी जाणून घ्यायचे असते. पायथनमधून सी भाषेतल्या संग्रहांना हाक मारण्याची जी सोय २००६ पासून पायथनबरोबरच मिळते, तिचा एक नियम या दृष्टीने बोलका आहे. परत येणारी वस्तू कोणत्या जातीची ते तुम्ही सांगितले नाही, तर ती पूर्णांक धरते. आलेली वस्तू अपूर्णांक असली तरी ती कुरकुर करीत नाही. भलताच पूर्णांक तुमच्या हातावर ठेवते. न सांगणे हेही तिथे एक सांगणेच ठरते.

मला सर्वांत लागली ती गोष्ट निराळीच. मित्र गेल्यावर त्याच्या पत्नीने त्याची एक वही आठवण म्हणून मला दिली होती. मी ती कपाटात जपून ठेवली होती. उघडली मात्र नव्हती. त्या पहाटे उघडली. व्याजाच्या पानावर, त्याच्या बारीक तिरक्या अक्षरात, एक ओळ होती : निकालाची जागा एकच आहे, पुढची हाक मारण्यापूर्वी तो उतरवून घ्यावा. त्याने आपले काम पुरे केले होते. जे त्याला सांगायचे होते ते तो सांगून गेला होता. मी त्याच्यावर इतका विश्वास ठेवला होता की, त्याचे म्हणणे ऐकून घेण्याचीही मला गरज वाटली नाही. असल्या विश्वासाला विश्वास म्हणावे काय, याचा मी अजून विचार करतो.

माझ्या चुकीला फार मोठ्या चुकीशेजारी बसविण्याचा माझा हेतू नाही. पण एक साम्य सांगितल्याशिवाय राहवत नाही. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियान ५ हे अग्निबाण पहिल्याच उड्डाणात, चाळीसेक सेकंदांत, आकाशात फुटले. त्याची दिशा सांभाळणाऱ्या संगणकातली आज्ञावली आधीच्या एरियान ४ वरून घेतलेली होती. तिथे ती चोख चालली होती. नवे बाण अधिक वेगाने आडवे सरकले. त्या वेगाशी निगडित असलेला एक मोठा आकडा जिथे ३२,७६७ पेक्षा मोठे काही मावत नाही अशा लहान जागेत घालण्याचा प्रयत्न झाला, आणि संगणक बंद पडला. खबरदारी म्हणून तसाच दुसरा संगणक ठेवलेला होता. तो पहिल्याच्या क्षणभर आधी, त्याच कारणाने बंद पडला होता; कारण दोघांतही एकच आज्ञावली होती. साक्षीदार दोन ठेवले होते, पण दोघांचे तोंड एकच होते. माझ्या दोन निकालांचे तरी दुसरे काय झाले होते?

आता मूळ प्रश्नाकडे येतो. ही चूक कोणाची?

एक उत्तर असे की, कोणाचीच नाही. तारखेचे फंक्शन आपल्या रिवाजाप्रमाणे वागले, मित्राचे गणित आपल्या वहीप्रमाणे वागले, यंत्राने सांगितले ते केले. प्रत्येक जण निर्दोष, आणि काकूंचे पैसे कमी. आजकाल हे उत्तर सर्वत्र ऐकू येते. कचेरीत जा, 'सिस्टिममध्ये असंच दिसतंय' असे म्हणून खिडकीमागचा माणूस मोकळा होतो. मी तरी काकूंना दुसरे काय म्हणालो होतो? 'यंत्रानं काढलंय.' व्याकरणाच्या दृष्टीने हे वाक्य पाहावे. त्यात कर्ता यंत्र आहे. मी काढविले, हे मी लपविले. प्रयोजकातला तो एक 'वि' गाळला की माणूस वाक्यातून नाहीसा होतो.

दुसरे, याच्या अगदी उलट उत्तर असे की, सगळे माझेच. ज्याने हाक मारली त्याने पलीकडचे अक्षर न् अक्षर जाणले पाहिजे. हे उत्तर ऐकायला उदात्त आहे. पण ते खरे नाही. त्याप्रमाणे वागायचे तर कोणालाच कोणाला हाक मारता येणार नाही. प्रत्येकाला गवंडी, सुतार आणि वैद्य होऊन मगच घरात राहावे लागेल. शिवाय सगळ्या जगाचा दोष आपल्या अंगावर ओढून घेण्यात एक छुपा अहंकार असतो. सगळे माझेच म्हटले की नेमके काय माझे, ते पाहायला नको.

मला वाटते, खरे उत्तर सीमेवर आहे. आत काय चालते ते जाणणे माझ्यावर बंधनकारक नव्हते. सीमेवर काय देतात-घेतात ते जाणणे होते. मित्राने व्याज कोणत्या रीतीने काढले ते मला कळले नसते तरी चालले असते. तो निकाल कसा देतो आणि तो किती वेळ टिकतो, हे मात्र मी विचारायलाच हवे होते. वैद्याची मात्रा कशी घोटली ते रोग्याने विचारू नये. पण ती किती घ्यायची आणि कशाबरोबर, हे न विचारता घेतली तर दोष वैद्याचा कसा? पाणिनीने कर्त्याची व्याख्या करताना तो स्वतंत्र असतो असे म्हटले, आणि लगेच पुढच्या सूत्रात त्याला प्रेरणा देणाऱ्याला 'हेतु' असे नाव देऊन त्यालाही कर्त्याच्याच पंक्तीला बसविले. यात मला फार मोठे शहाणपण दिसते. करणाऱ्याचे कर्तेपण काढून घेतले नाही, आणि करविणाऱ्यालाही सोडले नाही.

पण कोणी विचारील, ती वही नसतीच तर? मित्राने ती ओळ लिहिलीच नसती तर? हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा घातला आहे. माझा दोष तेव्हा कमी झाला असता, हे मी मान्य करतो; पण तो नाहीसा झाला असता असे मला वाटत नाही. कारण कागदावर मी 'चालविले' असे लिहिले नव्हते. 'तपासले' असे लिहिले होते. चालविणे यंत्राकडून होते, तपासणे मात्र करविता येत नाही. तपासणे म्हणजे उत्तर आपल्या मनासारखे आले तरी त्याच्याकडे क्षणभर परकेपणाने पाहणे. हजार खाती, दोन याद्या, आणि एकही फरक नाही? माझ्या विद्यार्थ्याने असे उत्तर आणले असते तर मी त्याला जाणूनबुजून एक तारीख चुकवून पुन्हा चालवायला सांगितले असते. तेव्हाही शून्यच आले असते, आणि पाच मिनिटांत सगळे उघडे पडले असते. तेवढे मी केले नाही, कारण ते शून्य मला हवे होते. जे हवे असते त्याची आपण उलटतपासणी घेत नाही. हा दोष कोणत्याही भाषेचा नाही, सीमेचाही नाही. तो माझा आहे.

यादी पुन्हा उतरविली. निकाल प्रत्येक वेळी उतरवून घेऊन ताडला. या वेळी शून्यांच्या रांगेत जागोजागी आकडे उभे राहिले, आणि ते पाहून मला जे बरे वाटले ते आधीच्या शून्यांनी वाटले नव्हते. तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. अदलाबदलीत काही तारखा पुढे गेल्या होत्या, तशा काही मागेही गेल्या होत्या. काहींचे व्याज कमी भरले तसे काहींचे जास्तही भरले होते. एकूण बेरजेत फरक थोडाच पडला होता, म्हणून पेढीलाही संशय आला नाही. व्याजाच्या चिठ्ठ्या साऱ्यांनाच गेल्या होत्या. ज्यांना जास्त दाखविले होते त्यांतले कोणीही माझ्या ओटीवर आले नव्हते. मी त्यांना नावे ठेवीत नाही. हवे असलेले उत्तर आले की माणूस ते पुन्हा मोजत नाही, हे मी त्यांच्याआधी स्वतःच सिद्ध केले होते.

मी हे सारे एका माजी विद्यार्थ्याला सांगितले. तो मुंबईत मोठ्या पगारावर हेच काम करतो. तो हसून म्हणाला, "सर, आता तर आम्ही आज्ञावलीसुद्धा हाताने लिहीत नाही. काय हवं ते सांगायचं, यंत्र लिहून देतं." म्हणजे करविण्याच्या साखळीत आणखी एक कडी वाढली. पूर्वी गवंड्याकडून बांधवीत. आता गवंडी शोधण्याचे कामही दुसऱ्याकडून करवितात. त्याला मी अडवले नाही. अडवणारा मी कोण? एवढेच विचारले, "आणि सही कोणाची असते?" तो थोडा थांबून म्हणाला, "सही माझीच असते, सर."

केंब्रिजच्या त्या जुन्या यंत्रावर डेव्हिड व्हीलर यांनी एक युक्ती काढली होती. कपाटातल्या गणिताला हाक मारताना हाक मारणाऱ्याने आपला ठिकाणा बरोबर धाडायचा. म्हणजे काम संपले की कुठे परतायचे ते त्या गणिताला कळते. यंत्रे बदलली, पण परतीचा ठिकाणा दिल्यावाचून आजही हाक पुरी होत नाही. यंत्राला जे नियमाने करावे लागते ते माणसाने आपखुशीने करावे, एवढेच मला म्हणायचे आहे. दुसऱ्याकडून काम करवावे, पण काही चुकले तर परत कोणाकडे यायचे तो ठिकाणा पुसू नये. काकू माझ्या ओटीवर आल्या त्या याच ठिकाण्याच्या आधारे. पेढीतल्या त्या मुलाने निदान तो तरी त्यांना खरा सांगितला होता.

दुरुस्त केलेली चिठ्ठी मी स्वतः त्यांच्या घरी नेऊन दिली आणि झाल्या गोष्टीबद्दल माफी मागितली. त्यांनी चहा टाकला. "मास्तर, तुम्ही कशाला इतकं मनाला लावून घेता? माणसाचं चुकायचंच," असे म्हणत त्यांनी चष्मा लावला आणि चिठ्ठी खिडकीपाशी नेली. "तरी पण एकदा मोजून बघते हां," त्या म्हणाल्या, आणि बोटांची पेरे मोजू लागल्या. त्यांचे मोजून होईपर्यंत मी गप्प बसून राहिलो.